येसूची भाकरी डॉट कॉम

"हेमा, आमच्या येसूच्या नावावर पत्ते खेळायलेत गं."

फोन वळसंगच्या गोजाबाईंचा होता. साखर पेठेतल्या ऑफिसचं शटर हेमावती यन्नमनं नुकतंच वर केलं होतं. एका हातात कुलूप, एका हातात फोन.

"कसले पत्ते, मावशी?"

"रमीचे. नातीनं मोबाइलात नाव घातलं, येसूची भाकरी. तर बाया नाचायल्यात आन पत्ते पडायलेत. तू म्हणली हुतीस, नाव मोकळं हाय, घटस्थापनेला घेऊ. मग हे कुणी घेतलं?"

हेमावतीनं उभ्याउभ्याच कॉम्प्युटर चालू केला. लुकअप म्हणजे नावाची चौकशी करायची खिडकी. तिथं नाव टाकलं की ते मोकळं आहे की गेलं, गेलं तर कधी गेलं, हे कळतं. तिनं नाव टाकलं. मालकाचं नाव झाकलेलं होतं. नोंदणीची तारीख कालची होती. काल नवमी होती, अविधवा नवमी.

"मावशी, काल तुम्ही..."

"काल येसूचं पान वाढलं की. नवऱ्याआधी गेली ती, नवमीच तिची. हिकडं आमी तिला भाकरी वाढत हुतो, तिकडं कुणीतरी तिचं नाव उचललं. मी येते सोलापूरला."

हेमावतीचा धंदा वेबसाइटची नावं विकायचा. मोठ्या कंपनीकडून घाऊक घ्यायची, सोलापुरात किरकोळीनं विकायची. इंग्रजीत त्याला डोमेन रीसेलर म्हणतात. तिच्या आईला अजून वाटतं की मुलगी पाट्या रंगवते, आणि तसं ते फार चूकही नाही. टॉवेलवाले, चादरवाले, शेंगाचटणीवाले, सगळे तिच्याकडे यायचे, कारण ती नीट समजावून सांगायची आणि दिलेला शब्द पाळायची.

येसूबाईंनी वळसंगात कडक भाकरीचा गट उभा केला. उन्हाळ्यात त्या गेल्या. मागं राहिलेल्या बायकांनी ठरवलं की मालाला तिचंच नाव द्यायचं. खोकी छापून झाली. त्यावर येसूबाईंचा हसरा फोटो आणि खाली वेबसाइटचा पत्ता. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानानं दसऱ्यानंतर माल घ्यायचं कबूल केलं होतं. आता त्या दुकानातल्या कुणी पत्ता उघडला असता, तर मेलेल्या बाईच्या नावाखाली जुगार दिसला असता. ऑर्डर तर गेलीच असती. पण गोजाबाईंना ऑर्डरपेक्षा दुसरंच लागलं होतं.

दुपारी त्या एसटीनं आल्या. सोबत एक रिकामं खोकं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, फोटो हेमावतीकडे करून.

"हे नाव कुणाकुणाला ठाऊक होतं, मावशी?" हेमावतीनं विचारलं.

"आमच्या बायांना."

"आणि?"

"खोकी छापणाऱ्याला. आन तुला."

"बायकांपैकी कुणी..."

"त्यास्नी फोन उचलायचा म्हटलं तर नात लागते. त्या नाव चोरतील व्हय?" गोजाबाई जराही आवाज न चढवता बोलत होत्या, आणि तेच जास्त टोचत होतं. "मी तुझ्यावर आळ घेत न्हाय. पर तूच सांग, मी कुणावर घेऊ?"

हेमावतीची नजर खोक्यावरच्या फोटोवर गेली.

"सर्वपित्रीपातूर नाव आण. न्हायतर खोकी जाळू. आन मग गावोगाव सांगीन, हेमाला नाव सांगू नका, तिच्या कानातनं ते दुसरीकडं जातंय."

त्या गेल्या. खोकं तिथंच राहिलं. चेष्टा नव्हती ही. वळसंगात बोललेलं अक्कलकोटपर्यंत जायला बाजाराचा एक दिवस पुरतो. नाव परत आलं नाही, तर हेमावतीला शटर खाली ओढावं लागलं असतं.

आणि येसूचं नाव पहिलं नव्हतं. याच पितृपंधरवड्यात एका टॉवेलवाल्याचं नाव गेलं होतं. मग दुधनीच्या एका डाळीच्या आडत्याचं. दोन्ही नावं दुसऱ्या दिवशी विक्रीला लावलेली दिसली, तोंडाला येईल त्या भावानं. तेव्हा तिनं नशिबाला बोल लावला होता. आता तिसऱ्यांदा नशिबाला बोल लावायला ती मूर्ख नव्हती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाहेरच्या माणसाला हे सगळं वेडेपणाचं वाटेल. नाव मोकळं आहे हे कळल्यावर लगेच का घेत नाहीत? तर सोलापुरात पितरांच्या पंधरवड्यात कुणी नवं काही घेत नाही. चप्पलसुद्धा नाही, मग धंद्याचं नाव कुठलं घेणार! गिऱ्हाईक येतं, नाव ठरवतं आणि म्हणतं, घटस्थापनेला घेऊ. हेमावतीनं एकदा शहाणपणा केला होता. एका चादरवाल्याचं नाव गुपचूप आधीच घेऊन ठेवलं. पठ्ठ्यानं मुहूर्तावर नारळ फोडला आणि मग स्वतःच लुकअपमध्ये नाव टाकून बघितलं. जन्मतारीख निघाली अमावस्येची. त्यानं सगळ्या पाहुण्यांदेखत तिला असं झापलं की पुन्हा तिनं तो उद्योग केला नाही.

तेव्हापासून तिची पद्धत ठरलेली होती. नाव मुहूर्तावरच घ्यायचं, पण बाकी सगळं आधी मांडून ठेवायचं. पान कुठल्या कॉम्प्युटरवरून उघडायचं, मेल कुठे पोचवायची, हे पत्ते डीएनएसच्या पॅनलात, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या वहीत, आधीच भरायचे. मुहूर्ताला बटण दाबलं की नारळाचं पाणी वाळायच्या आत वेबसाइट मोबाइलवर उघडते. लोकांना ते फार आवडायचं. येसूबाईंचं तर तिनं जास्तीच मन लावून केलं होतं. भाकरीच्या पानाबरोबर शेंगाचटणीचं वेगळं पानही पॅनलात मांडून ठेवलं होतं. गोजाबाईंना त्याचा पत्ता नव्हता. घटस्थापनेला दाखवून त्यांना हसवायचं, असं तिनं मनात ठरवलं होतं.

तिनं एकेकाला विचारायला सुरुवात केली. आधी ऑफिसातली अपेक्षा. माढ्याची मुलगी, हुशार आणि फटकळ.

"येसूबाईंचं नाव बाहेर कुणाला बोललीस?"

"नाही, ताई."

"घरी?"

"घरी स्थळांचं बोलणं संपेल तेव्हा दुसरं काही बोलेन."

"पॅनलचा पासवर्ड तुझ्याकडे आहे."

"तुम्हीच दिलाय. काढून घ्या."

"पुण्यात नोकरी बघतेयस म्हणे."

अपेक्षाचे हात की-बोर्डवर थांबले. "बघतेय. त्याचा आणि याचा काय संबंध?"

"काल रजेवर होतीस."

"माढ्याला होते. आजीचा म्हाळ होता. खीर ढवळता ढवळता नाव चोरलं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

म्हणायचं नव्हतं. पण नाव चोरायला सोलापुरात बसावं लागत नाही, मोबाइल असला की माढा काय आणि मुंबई काय. अपेक्षानं त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

मग युवराज. नवी पेठेत त्याचा छापखाना. खोकी त्यानंच छापली होती.

"वळसंगच्या बायकांचं नाव तुमच्याकडून कुणाला कळलं?"

"मॅडम, मी लग्नपत्रिका पण छापतो. म्हणून नवरी पळवतो का?"

"टॉवेलवाल्याच्या मालावर लावायच्या चिठ्ठ्या पण तुम्हीच छापल्या."

"छापल्या."

"त्याचंही नाव गेलं."

युवराजचा चेहरा जरा उतरला. "आणखी कुणाचं गेलं?"

"दुधनीच्या आडत्याचं."

"मग माझ्यावरचं बालंट गेलं," तो खुर्चीत टेकला. "तो आडत्या छपाई कर्नाटकात करतो. मला आजवर साधी पावती छापायला दिली नाही त्यानं. चौकशी करा."

हेमावतीनं केली. खरं निघालं.

संध्याकाळी रावजी सर स्वतःच ऑफिसात आले. अपेक्षानं त्यांना फोन केला होता. सात रस्त्याजवळ सरांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. एके काळी बसायला खुर्ची मिळायची नाही तिथं. सोलापुरात या धंद्यात जे कुणी आहे, त्याला पहिला माऊस सरांनी हातात दिलेला. हेमावतीच्या वडिलांचे माग बंद पडले तेव्हा सरांनी तिची फी घेतली नव्हती. तिचं पहिलं गिऱ्हाईकही त्यांनीच आणून दिलं. आता क्लासात पोरं नव्हती. पण सरांनी स्वतःचा सर्व्हर ठेवला होता आणि सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना डीएनएस फुकट दिलं होतं. गुरुदक्षिणा उलटी, असं म्हणायचे.

"बैस, घाबरू नकोस," सर म्हणाले. "नाव शोधायला कुठली साइट वापरतेस?"

"थेट नोंदणीवाल्यांना विचारणारी. मधला कुणी नाही, सर. घेण्याआधी चार-पाच वेगवेगळ्या तपासल्या होत्या. खोटी नावं टाकून बघितली. ज्यांच्याकडून नाव फुटलं त्या सोडून दिल्या."

"तरी तिथंच बघ. ही यंत्रं काय ऐकतात आणि कुणाला विकतात, देवाला ठाऊक." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ती मुलगी. पासवर्ड आहे ना तिच्याकडे?"

"आहे."

"नोकरी सोडायच्या बेतात आहे. मी काही म्हणत नाही."

"सर, पॅनल तुमच्या सर्व्हरवर आहे. कोण आत आलं गेलं, ते तुम्हाला बघता येईल का?"

"अगं, सर्व्हर माझा, पण पॅनल तुमचं. ते तुमचं देवघर. मी आजवर कुणाच्या देवघरात डोकावलेलो नाही." सर उठले. टेबलावरच्या खोक्याकडे बघून त्यांनी मान हलवली. "वाईट झालं. भाकरीचं पान, चटणीचं पान, सगळं मांडून ठेवलं होतंस, आणि ऐन वेळी हे."

ते गेले. हेमावतीला बरं वाटलं. आपलं माणूस येऊन बसलं, की डोकं चालेनासं झालं तरी बरं वाटतं. हा आपला रोगच आहे.

तिनं सापळा लावला. कुणालाही नको असतील अशी तीन नावं रचली. एक फक्त लुकअपच्या खिडकीत टाकलं, वरचेवर, जणू गिऱ्हाईक समोर बसलंय. दुसरं फक्त अपेक्षाला सांगितलं, "माढ्याचं गिऱ्हाईक आहे, घटस्थापनेला घ्यायचंय." तिसरं फक्त युवराजला चिठ्ठ्या छापायला म्हणून दिलं. ज्या वाटेनं नाव फुटेल, तिथं चोर.

रोज सकाळी तिनं तिन्ही बघितली. तिन्ही जागच्या जागी. अमावस्या जवळ आली तरी कुणी हुंगलंसुद्धा नाही.

म्हणजे लुकअप चोख होतं. अपेक्षा चोख होती. युवराज चोख होता. आणि तरी नावं जात होती. हेमावतीला स्वतःचाच संशय यायची पाळी आली.

त्या दिवशी कीर्ती शिवशरण आली. मिलिंद नगरात तिनं फिजिओथेरपीचं क्लिनिक काढलं होतं. तिला मेलचा आणखी एक पत्ता हवा होता.

"तुमचं नाव शाबूत आहे ना?" हेमावतीनं विचारलं.

"का? त्याला काय होणार?"

"याच पंधरवड्यात घेतलंत ना तुम्ही?"

"हो. तुम्हीच विचारलंत, मॅडम, थांबायचं का. मी म्हटलं, आमच्यात मुहूर्त नाही, आत्ताच घ्या. चहा यायच्या आत झालं होतं."

"कार्ड कुठे छापली?"

"युवराजकडे. तुम्हीच पाठवलंत."

कीर्ती गेली, हेमावती बसून राहिली. तीच खिडकी. तीच अपेक्षा. तोच छापखाना. तिघांची नावं गेली आणि हिचं राहिलं. फरक एकच, हिनं वाट बघितली नाही. मग वाट बघणारं नाव इतके दिवस राहतं कुठं? बाकीच्यांच्या डोक्यात राहतं, बोलण्यात राहतं. पण लिहून एकाच ठिकाणी राहतं. हेमावतीच्या स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पद्धतीनं, पॅनलात मांडून ठेवलेलं.

तिन्ही खोटी नावं तिनं पॅनलात घातलीच नव्हती. घालायचं सुचलंच नव्हतं.

तिनं पॅनलचा पासवर्ड बदलला. कुणाला सांगितला नाही. मग लुकअपमध्ये न शोधता, तोंडातून अवाक्षर न काढता, एक नाव पॅनलात घातलं. जगात कुणाला लागणार नाही असं. हत्तीची बंडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुकअप उघडलं. हत्तीची बंडी गेली होती. दुपारपर्यंत ती विक्रीलाही लागली.

हेमावती हसली नाही. तिला चटणी आठवली. गोजाबाईंना ठाऊक नसलेली, अपेक्षाला न सांगितलेली, फक्त पॅनलात लिहिलेली चटणी. तिनं ऑफिसचं दार आतून लावलं आणि रडली. रागानं रडली. ज्या माणसानं फी घेतली नाही म्हणून ती आयुष्यभर वाकून राहिली, त्याच्यावर राग धरायचा कसा, हेही तिला नीट येत नव्हतं.

सर्वपित्रीला सकाळी तिनं सरांना फोन केला. "चोर सापडला, सर. तुम्ही मोठे, तुमच्यासमोरच बोलते. क्लासवर येऊ का?"

"ये की. सगळ्यांना घेऊन ये."

क्लासात जुने कॉम्प्युटर कापडं पांघरून बसले होते. भिंतीवर विद्यार्थ्यांच्या बॅचचे फोटो. त्यांतल्या एकात दोन वेण्या घातलेली हेमावती. गोजाबाई बाकावर बसल्या, मांडीवर खोकं घेऊन. युवराज दाराशी उभा राहिला. अपेक्षा खिडकीशी, अजून रुसलेली. सरांनी चहा सांगितला.

"कोण निघालं?" सरांनी विचारलं, आणि अपेक्षाकडे बघितलं.

"सांगते, सर. पहिल्यापासून सांगते, मावशींना कळलं पाहिजे." हेमावती उभीच राहिली. "मावशी, नाव शोधायची एक खिडकी असते. मी ती निवडताना दहादा चाळून घेतली. तिथून नाव फुटत नाही, हे मी परत बघितलं. अपेक्षाला खोटं नाव सांगितलं, ते फुटलं नाही. युवराजला दिलं, ते फुटलं नाही."

"मला खोटं नाव दिलंत?" युवराज म्हणाला. "मी कागद कापून ठेवलाय."

"माफ करा. मग राहिलं काय? नाव घेतल्यावर त्याला घर लागतं. या नावानं कुणी आलं तर कुठल्या घरी न्यायचं, ते सांगणारी पाटी. तिला डीएनएस म्हणतात. आपल्याकडं लोक मुहूर्ताला थांबतात, म्हणून मी पाटी आधी रंगवून ठेवते. म्हणजे नाव ठरलंय, गिऱ्हाईक पक्कं आहे, आणि अजून घेतलेलं नाही. चोराला याहून चांगलं काय पाहिजे? पितरांच्या पंधरवड्यात अशा पाट्यांचा ढीग लागतो. टॉवेलवाला थांबला, त्याचं गेलं. आडत्या थांबला, त्याचं गेलं. तुम्ही थांबलात, तुमचं गेलं. क्लिनिकवाली डॉक्टर थांबली नाही, तिचं राहिलं."

"पाट्या कुटं ठेवतीस तू?" गोजाबाईंनी विचारलं.

"या इमारतीत," हेमावती म्हणाली. "मागच्या खोलीत सरांचा सर्व्हर आहे. तिथं."

चहाचा पेला सरांच्या हातात होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"हेमा, सर्व्हरवर बाहेरून कुणी शिरलं असेल. मी तपासतो."

"शिरलं असेल, असं मलाही वाटलं. वाटावं असं फार वाटलं, सर. पण तुम्ही म्हणाला होतात की तुम्ही आमच्या देवघरात डोकावत नाही. आणि दारातून बाहेर पडताना म्हणालात, चटणीचं पान मांडून ठेवलं होतंस. चटणीचं पान आहे हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं. मावशी, तुम्हाला होतं?"

"कसली चटणी?" गोजाबाई म्हणाल्या.

"बघा. ती फक्त पॅनलात लिहिलेली होती."

"एवढ्यावरून तू माझ्यावर..."

"एवढ्यावरून नाही." तिनं खिडकीकडे बघितलं. "अपेक्षा, सकाळी तुला पाठवलेलं ते विक्रीचं पान उघड. खाली चौकशीचा रकाना आहे. लिही, हे नाव पाहिजे. पाठव."

अपेक्षानं मोबाइलवर अंगठा फिरवला. टेबलावर सरांचा फोन थरथरला आणि उजळला.

युवराज पुढे झाला आणि वाकून वाचलं. "हत्तीची बंडी," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आलंय, सर."

फोन उलटा करायला सरांनी हात उचलला, आणि मग तसाच टेबलावर ठेवला. एकदम थकल्यासारखे दिसले.

"हत्तीची बंडी मी रचली, सर. कुणाला सांगितली नाही, कुठे शोधली नाही, पासवर्ड बदलून घातली. तुमच्याशिवाय ती कुणालाच दिसणार नव्हती. असलं नाव घेताना तुम्हाला हसू तरी आलं का?"

"मी वाचत नाही," सर म्हणाले. "यादी आपोआप निघते. नोंद नसलेलं नाव दिसलं की आपोआप घेतलं जातं. ही बाई भांडायला आली असं अपेक्षा फोनवर म्हणाली, तेव्हा मी तुझं पॅनल उघडून बघितलं."

"येसू कोण, ते ठावं हुतं का तुमास्नी?" गोजाबाईंनी विचारलं.

"नाही."

"खोक्यावर फोटू हाय की तिचा. हेमाच्या टेबलावर बघितलाव न्हवं?"

सरांनी मान खाली घातली. मग ते बोलले, पण हेमावतीशी. "या भिंतीवर किती पोरं आहेत बघ. सगळ्यांनी धंदा काढला. गुरुपौर्णिमेला हार घेऊन येतात, फोटो काढतात. एकानं एक गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवलं नाही. क्लास बसला, कुणी विचारलं नाही सर कसं चाललंय. सर्व्हर मात्र सगळ्यांनी फुकट वापरला. तुला कधी वाटलं नाही, हा माणूस फुकट का देतो?"

"नाही वाटलं."

"लुकअप दहादा तपासलंस. डीएनएस घेताना एकदाही विचारलं नाहीस. का?"

"तुम्ही सर होतात म्हणून," हेमावती म्हणाली. "परक्याला मी तपासून घेतलं. तुमच्याशी तसं वागले असते तर मलाच लाज वाटली असती. आणि तुम्ही माझ्या त्या पोरीवर आळ घातलात. रोज माझ्यासमोर बसून जेवणाऱ्या पोरीवर."

अपेक्षा खिडकीबाहेर बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

"बाकीच्या पोरांना सांगू नकोस," सर हळू म्हणाले. "एवढं कर."

"सांगावंच लागेल. त्यांची गिऱ्हाइकं आहेत तुमच्या यादीत. आजच सांगणार. टॉवेलवाल्याला आणि आडत्यालाही. पोलिसात कोण जातं कोण नाही, ते ते ठरवतील. येसूबाईंचं नाव आधी द्या."

सरांनी फोन उचलला. नाव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलायचं काम त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

"तुझ्या खात्यात टाकू?" त्यांनी विचारलं.

हेमावतीनं हो म्हणायला तोंड उघडलं. सगळ्या गिऱ्हाइकांची नावं तिच्याच खात्यात असायची, तीच सोय होती.

"न्हाय," गोजाबाई म्हणाल्या. "आमच्या खात्यात."

"मावशी, तुमचं खातं नाही."

"मग काढ. हितंच काढ. नातीचा फोन आणलाय मी."

खातं निघालं. गोजाबाईंनी पासवर्ड स्वतः घातला, एकेक अक्षर शोधत, फोन पदराआड धरून. हेमावतीनं मान वळवली. नाव आलं. पत्त्यांचं पान गेलं, पांढरा पडदा राहिला.

"जन्मतारीख कंची लागली?" गोजाबाईंनी विचारलं. चादरवाल्याची गोष्ट त्यांच्याही कानावर होती.

"नवमीची. ती बदलत नाही, मावशी. पितरातली तारीख राहणार."

गोजाबाईंनी खोक्यावरच्या फोटोवरून हात फिरवला. "राहू दे. तिच्याच दिवशीची हाय." त्या उठल्या. दारात युवराजनं त्यांना वाट दिली.

"भाकरीचं पान आता दुसरीकडे मांडते," हेमावती मागून म्हणाली. "घटस्थापनेला उघडू. चटणीचं पण."

गोजाबाई थांबल्या. त्यांनी हेमावतीच्या गालावर हात ठेवला, अगदी मायेनं.

"तू चोर न्हाईस. ते गावात सांगते मी. पर तू सरांवर इश्वास टाकला, आन आमी तुझ्यावर. एवढ्या लांबचा इश्वास आता आमास्नी झेपत न्हाय, पोरी. पान कसं मांडायचं ते आमच्या नातीला शिकव. तुझी फी घे."

त्या जिना उतरून गेल्या. हेमावती परत आत आली. सरांनी भिंतीवरचा तो दोन वेण्यांचा फोटो काढला होता आणि तिच्याकडे धरला होता. तिनं तो घेतला नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, खुर्ची ओढली आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या पाट्या एकेक करून सरांच्या सर्व्हरवरून काढायला बसली.